सहज विचारतो हं!

“सहज विचारतो हं, घाई नाही,” असं नाना म्हणाले की आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं घड्याळ बघतात आणि उरलेली लिफ्टचा नाद सोडून जिना चढायला लागतात. लिफ्ट खाली येईपर्यंत नानांचा प्रश्न मांडून झालेला असतो, आणि एकदा मांडला की तो आपल्याबरोबर घरी येतो. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग डोकं आणि पाय का उलटत नाहीत, हा प्रश्न मला त्या लिफ्टमध्येच चिकटला. आरसा डावं-उजवं मुळी उलटवतच नाही, तो पुढचं-मागचं उलटवतो, असं पुढे एका फिजिक्सच्या मास्तरांनी समजावून सांगितलं. पटलं. तरी दाढी करताना हात मध्येच थांबतो तो थांबतोच.

नाना डोंबिवलीत आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. उभी हयात एका सरकारी खात्यात बिलं तपासण्यात गेली. सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, एका कानानं कमी ऐकू येतं. पण एखादी वस्तू डोळ्यांत भरली की उजवी भुवई वर चढते, आणि भुवई चढली की त्यांच्या पत्नी माई म्हणतात, “झालं! बसले आमचे शंकासुर.”

प्रश्न विचारणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पगार किती, फ्लॅट कितीला पडला, मुलगा तिकडेच राहणार की येणार, आणि सूनबाईंचं काही ‘विशेष’? नाना त्या पंथातले नव्हेत. त्यांनी आजवर कुणाला पगार विचारलेला नाही. चेकवर रकमेच्या शेवटी ‘फक्त’ का लिहितात, हे विचारलंय. पुढे कुणी आणखी काही घुसडू नये म्हणून, हे कळल्यावर “ते ठीक, पण पंचवीस लाखांपुढेसुद्धा ‘फक्त’ लिहिताना हात जरा अडखळत नाही का?” असंही विचारलंय. माणसाच्या खासगी गोष्टींत त्यांना काडीचा रस नसतो. माणसाच्या खिशातलं पेन, पायातली चप्पल, बायको करत असलेली पोळी, यांत मात्र अपरंपार.

चौथ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांची गुवाहाटीला बदली झाली तेव्हाची गोष्ट. जो भेटेल तो त्यांना विचारत होता, प्रमोशनवर का, किती वाढले, बिऱ्हाड नेणार का. नानांनी विचारलं, “तिकडे जूनमध्ये म्हणे साडेचारलाच उजाडतं. मग सगळे उठून बँक उघडायची वाट बघत बसतात, की तिथलं घड्याळ वेगळं असतं?” बँकवाले तेव्हा वैतागले. ट्रकमध्ये सामान चढत होतं, कपाटाचा आरसा नुकताच फुटला होता. पण पहिल्या सुट्टीत आले ते बॅगा जिन्यात टाकून थेट तिसऱ्या मजल्यावर. घड्याळ देशभर एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं. पण आसामातल्या चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून वेगळी वेळ चालत आली आहे, ती तासभर पुढे असते आणि तिला ‘बागान टाइम’ म्हणतात. हे सांगताना त्या गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा होता. प्रमोशन सांगतानाही इतका खुलला नव्हता. नानांनी टाळी दिली आणि विचारलं, “मग मळ्यातला माणूस गाडी पकडायला स्टेशनवर निघाला की तो जादा तास कुठे ठेवून जातो?”

हा त्यांचा दोष म्हणा, गुण म्हणा. उत्तर मिळालं की त्याच्या शेपटीला दुसरा प्रश्न असतोच.

नानांचा एक कडक नियम आहे. ज्याचं काम, त्यालाच विचारायचं. इकडे-तिकडे नाही. केशकर्तनालयात ते विचारणार, “तुमचे केस कोण कापतं? आणि त्याचे?” प्लंबर आला की विचारणार, नळ झटकन बंद केला की भिंतीत धाडकन का वाजतं? प्लंबर म्हणाला, “हवा.” प्लंबर कशालाही हवा म्हणतो. पण आठवडाभरानं त्याचाच फोन आला, रात्री साडेनऊला. त्यानं त्याच्या उस्तादाला विचारलं होतं. धावतं पाणी एकदम अडलं की त्याचा सगळा जोर पाइपावर आदळतो, म्हणून वाजतं. नळ हळू बंद करा. वीस वर्षं तो नळ बसवत होता आणि हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या फोनचे पैसे त्यानं बिलात लावले नाहीत, याचं माईंना अजून नवल वाटतं.

प्रश्न चांगले असतात हो. वेळ वाईट असते. पहिल्या मजल्यावर सत्यनारायण होता. पाचवा अध्याय संपला, आरती झाली, गुरुजी नारळ-सुपाऱ्या पिशवीत भरत होते, आणि आतून शिऱ्याच्या वाट्या बाहेर येत होत्या, वर केळ्याची चकती आणि तुळशीचं पान. नाना गुरुजींशेजारी मांडी घालून बसले. “गुरुजी, सहज विचारतो हं. साधुवाण्यानं पूजा केली, कथा ऐकली. लाकूडतोड्यानं केली, त्यानंही कथा ऐकली. आता आपण जी ऐकली ती या सगळ्यांची कथा. मग त्या लोकांनी कुठली ऐकली?” खोलीत एकदम शांतता. वाटी तोंडाशी नेलेले दोघे-तिघे तसेच थांबले. यजमानीणबाईंना वाटलं, पूजेत काही राहून गेलं. गुरुजींनी शांतपणे पिशवीचे बंद बांधले, दक्षिणेचं पाकीट खिशात घातलं आणि म्हणाले, “नाना, मला सातला ठाकुर्लीला दुसरी पूजा आहे. पण हा प्रश्न मी आमच्या वडिलांना विचारला होता.” “मग? ते काय म्हणाले?” “प्रसाद घे म्हणाले.”

माईंचा खरा राग मात्र कल्याण स्टेशनावरचा. त्या भावाकडे नागपूरला निघाल्या होत्या. गाडी हलली, माई खिडकीतून हात हलवतायत, आणि नाना प्लॅटफॉर्मवर उभे राहून शेवटच्या डब्याकडे टक लावून बघतायत. त्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली होती. ही सगळ्या गाड्यांना असते की हिलाच? आणि कशाला? माई नागपूरला पोचेपर्यंत नाना डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे होते, कारण लोकलचा गार्ड तिथे समोर येतो. (2022 पासून त्यांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं, हेही नानांना तिथेच कळलं.) पण लोकल थांबते अर्धा मिनिट. त्यामुळे नानांना उत्तर हप्त्याहप्त्यानं मिळालं. पहिला गार्ड म्हणाला, “शेवटचा डबा म्हणून,” आणि गाडी सुटली. दुसऱ्यानं ‘एलव्ही’ लिहिलेल्या पाटीचं सांगितलं, तीही त्याचसाठी. तिसऱ्यानं खरी मेख सांगितली. गाडी पुढे गेली की स्टेशनवरचा माणूस ती फुली बघतो. दिसली म्हणजे गाडी सबंध आली. दिसली नाही तर काही डबे सुटून मागेच राहिलेले असू शकतात, आणि मग त्या रुळावर दुसरी गाडी सोडता येत नाही. नानांनी त्याच संध्याकाळी नागपूरला फोन लावला. माईंना वाटलं, नीट पोचलात का विचारायला.

स्वयंपाकघर ही नानांना बंदी असलेली जागा, आणि म्हणून सगळ्यात आवडती. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावरून तिथे जे महाभारत झालं ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. माई म्हणतात, डाळीला चार शिट्ट्या. नाना म्हणतात, शिट्टी हे माप कसं होईल? आत वाफ जास्त झाली, वरचं वजन उचललं गेलं, फुस्स झालं. गॅस मोठा ठेवलात तर चार शिट्ट्या भराभर होतील, बारीक ठेवलात तर डाळ शिजेल आणि एकही होणार नाही. आतलं पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, त्यानं डाळ शिजते, शिट्टीनं नव्हे. हे सगळं बरोबर आहे. पण बरोबर असलेलं बोलणं ओट्याशी उभं राहून, मनगटातलं घड्याळ काढून हातात धरून, फोडणी तडतडत असताना बोलायचं नसतं. नानांनी वही केली होती. एका रकान्यात गॅस, एकात शिट्ट्या, एकात मिनिटं. तिसऱ्या दिवशी माईंनी झारा खाली ठेवला आणि विचारलं, “एकच काय ते सांगा. तुम्हाला वरण हवंय की उत्तर?”

नाना थांबले. भुवई वर गेली. खरोखर विचार करायला लागले! त्या दिवशी दोघांनी पोहे खाल्ले.

त्याच सुमारास कुठल्याशा मासिकात नानांना इग नोबेलचा शोध लागला, आणि त्यांचं वयच उतरलं. आधी हसू यावं आणि मग विचार करावासा वाटावा, अशा संशोधनाला 1991 पासून देतात तो पुरस्कार. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारं द्रव्य कसं तयार होतं, त्यामागचं विकर शोधणाऱ्या जपानी मंडळींना तो 2013 मध्ये मिळाला. “माई, कांद्यावर!” नाना स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून ओरडले. उंबरठ्याच्या आत यायला अजून परवानगी नव्हती. आपल्याकडेही आलाय. 2001 मध्ये, नाकात बोट घालायची पोरांची सवय अभ्यासणाऱ्या बंगळूरच्या दोन डॉक्टरांना. आणि 2002 मध्ये, हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ काढणाऱ्या केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना. हे शेवटचं वाचून नाना गच्चीत फेऱ्या मारायला गेले. खाली आले ते थेट माझ्याकडे. “अरे, कानांच्या दोन्ही बाजू धरल्या असतील का? आणि शेपटीचा गोंडा?” मी म्हटलं, मला काय ठाऊक. ते खुर्चीत बसले आणि जरा वेळानं म्हणाले, “हे लोक पगार घेऊन हत्ती मोजत होते. आणि मी काय मोजलं? बिलं.”

त्यांच्या आवाजात तेव्हा मला प्रथमच काहीतरी लागल्यासारखं वाटलं. चहा झाल्यावर ते पूर्वपदावर आले. समुद्र निळा का, हे बोटीच्या डेकवर उभं राहून सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये स्वतःला विचारलं आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, “आणि मी कुकरचं विचारलं तर मला पोहे!” असं त्यांचं दुःख आहे. नोबेल समुद्राच्या निळाईसाठी नव्हे, प्रकाशाच्या विकिरणावरच्या शोधासाठी मिळालं, असं मी सुचवून बघितलं. “ते मला माहीत आहे,” नाना म्हणाले, “पण सुरुवात कुठून झाली? डेकवरून. तिथे त्यांच्या शेजारी कुणी ‘गप बसा हो’ म्हणणारं असतं तर?” यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि माई तिथे नव्हत्या हे बरंच झालं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं नाव निघालं की नाना हळवे होतात. नारळीकर मुलांना स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन, त्याखाली सही असेलच, असं सांगत. नानांनी हे वाचलं तेव्हा ते काही मूल नव्हते, चांगले पन्नाशीचे होते. तरी पोस्टात जाऊन एक कार्ड घेऊन आले. पत्ता लिहिला. मग अडलं. एका कार्डावर एकच प्रश्न, आणि तो नारळीकरांना विचारण्याच्या योग्यतेचा हवा. अमुक विचारावा तर तमुक राहतो. काही वर्षं हे चाललं. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. पत्ता लिहिलेलं ते कोरं कार्ड कालनिर्णयच्या मागे खोचलेलं असतं. कालनिर्णय दर जानेवारीत बदलतं, कार्ड तेच. मी ते एकदा बघितलंय. पत्ता सुरेख वळणदार अक्षरात आहे.

अशा माणसाला नातवानं मोबाइल दिला. “आजोबा, आता याला विचारायचं. कुणाला त्रास नको.” घरादाराला वाटलं, सुटलो. नानांनी पहिलाच प्रश्न विचारला, ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहितात त्यातला ‘ओके’ कशासाठी? मोबाइलनं क्षणात तीन मतं वाचून दाखवली आणि यातलं नक्की कुठलं ते सांगता येत नाही म्हणाला. “बरं,” नाना म्हणाले. मोबाइल गप्प. नानाही गप्प. थोडा वेळ त्यांनी त्याच्याकडे बघितलं. “याला उलट काही विचारायचं नसतं का रे?”

मग शर्ट चढवला आणि मला ओढत शीळ रोडवरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. तिथे ट्रक थांबतात. एक टेम्पोवाला म्हणाला, लढाईच्या काळात डिझेल मिळायचं नाही, गाड्या रॉकेलवर चालायच्या, म्हणून ‘ऑन केरोसीन’, त्याचं झालं ओके. दुसरा म्हणाला, छे, ओके नावाचा साबण होता टाटांचा, त्याची जाहिरात. एक पिकल्या मिशीचे ड्रायव्हर इतका वेळ बशीतून चहा पीत होते. ते म्हणाले, तुम्ही पोरं काय बोलता! पूर्वी अरुंद रस्त्यावर मागच्याला पुढे काढायचं तर आम्ही मागचा बल्ब पेटवायचो, त्याच्याखाली ओके लिहिलेलं. बल्ब लागला की जा. आवाज चढले, बशा खाली ठेवल्या गेल्या. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. शेवटी कोपऱ्यातला एकजण बोलला. तो ट्रकचे फाळके रंगवणारा पेंटर निघाला. “काका, मधे ओके नसलं ना, तर दोन शब्द लांब लांब पडतात. फाळका भुंडा दिसतो.” 2015 मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं हे लिहायला बंदी केली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून, ती नंतर कुणी किती पाळली, हा वेगळा विषय निघाला आणि त्यावर आणखी एक चहा झाला.

आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. ‘ओके’चं कोडं सुटलं नव्हतंच. नाना खूष होते. मोबाइलनं जी तीन मतं सांगितली होती तीच त्यांनी टपरीवर पुन्हा ऐकली होती, पण माईंना सांगताना म्हणाले, “आज फार माहिती मिळाली.” मोबाइल आता ते घड्याळ बघायला वापरतात. त्यातल्या गजराच्या चित्रात दहा वाजून दहा मिनिटंच का झालेली असतात, हे घड्याळाच्या दुकानदाराला विचारायचंय.

सोसायटीत आता लोक नानांना पूर्वीइतके टाळत नाहीत असं म्हणवत नाही; टाळतातच. पण दुसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा परवा मला जिन्यात थांबवून म्हणाला, “काका, सहज विचारतो हं,” आणि माझा हात आपोआप घड्याळाकडे गेला. पाण्यात फार वेळ बसलं की बोटं सुरकुततात, ती पाणी शोषून फुगतात म्हणून नव्हे. त्या बोटाची नस तुटलेली असली तर सुरकुतत नाहीत, म्हणजे हे काम शरीर मुद्दाम करतं, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. त्याचं म्हणणं, मग गाल का सुरकुतत नाहीत? मी त्याला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. दोघांचा अजून निकाल लागलेला नाही.

सध्या नानांच्या घरी जो प्रश्न चालू आहे तो सगळ्यांच्या कामाचा आहे म्हणून इथे देतो. धुण्याच्या मशीनमध्ये कपडे टाकले की पायमोजे, हातरुमाल, लहान मुलांची झबली, सगळी आपणहून उशीच्या अभ्र्यात जाऊन बसतात. ती आत कशी शिरतात, आणि शिरता येतं तर बाहेर का पडत नाहीत? मशीन दुरुस्त करायला येणारा माणूस फोन उचलेनासा झालाय. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून फोनवर सांगू नका. नाना चारनंतर घरी असतात, चहा माई करतात, आणि परतीची लोकल ठरवून मात्र येऊ नका.